बरणीवरचं रबर

३ फेब्रुवारी, सोमवार

नगरच्या केंद्रातल्या देवश्री मॅडम म्हणाल्या होत्या, घरच्या माणसाने रोज चार ओळी लिहाव्यात, मन मोकळं होतं. मन मोकळं करायला मला वेळ नाही. मी नोंद ठेवायला लिहिते आहे. अंगणवाडीत बावीस वर्षं पोरांची वजनं लिहिली, आता नवऱ्याची लक्षणं लिहायची. पतसंस्थेने फुकट दिलेली डायरी आहे, कोरी जाण्यापेक्षा बरी.

ह्यांना (नाव गहिनीनाथ, पण लिहायला हात वळत नाही, मी 'हे'च लिहिणार) दारू सोडवायच्या केंद्रातून येऊन आज पासष्ट दिवस झाले. येतानाच वाट वाकडी करून शनिशिंगणापूरला गेलो होतो. तेल वाहून ह्यांनी शपथ घेतली, दारूचा थेंब पोटात जाणार नाही. शपथा काय, आधी भगवतीच्या देवळात एक झाली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून एक झाली. दोन्ही ग्लासात विरघळल्या. शनीला तरी भितील म्हणून नेलं. तिथल्या घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत. मी मनात म्हटलं, धन्य बाई या गावाची. मी तर खोबरेल तेलाच्या बाटलीवरसुद्धा नजर ठेवते.

पासष्ट दिवस काही सापडलं नाही. आज मात्र घरात एक बरणी आली. लोणच्याची काचेची बरणी, आत कणकेचा घट्ट गोळा. विचारलं तर म्हणाले, गोड खमीर आहे, ब्रेड करणार आहे. दिलं कुणी, तर कानिफनाथने. हा कानिफनाथ केंद्रात ह्यांच्या शेजारच्या खाटेवर होता, आधी नगरला बेकरीत कामाला होता म्हणे. दोन दारुडे एकमेकांना बरणी देतात आणि तिच्यात कणीक असते, यावर मी विश्वास ठेवायचा.

या गोळ्याला रोज खायला घालावं लागतं. काय, तर मैदा आणि गूळ. गूळ घातला की आंबट होत नाही, असं ह्यांचं म्हणणं. कारखान्याच्या डिस्टिलरीत सत्तावीस वर्षं मळी आंबवणारा माणूस आता घरात गूळ आंबवायला लागलाय, आणि बायकोने म्हणायचं, वा, ब्रेड होणार!

५ फेब्रुवारी, बुधवार

बरणीला बाहेरून रबर लावलंय. केसाला लावायचं लाल रबर, माझंच. गोळा किती फुगला ते कळायला म्हणे.

पातळी बघायची ही युक्ती मला कोण शिकवणार! ह्यांच्या बाटल्यांवर मी कुंकवाची बारीक रेघ ओढून ठेवायचे, ती किती खाली गेली ते सकाळी बघायचे. बाटलीतली खाली जायची, ही वर येते, एवढाच फरक. सकाळी रबराच्या बोटभर वर होती.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिला ब्रेड झाला. लेक रेश्मा कॉलेजात असताना घेतलेला ओव्हन माळ्यावर धूळ खात होता, तो काढला. साचा म्हणून गोडेतेलाचा डबा पत्रेवाल्याकडून कापून, कडा दुमडून आणला. काल संध्याकाळी सात वाजता मळायला घेतलं ते अर्धा तास मळतच होते. एवढी कणीक मी लग्नाच्या पंगतीला मळली नसेन. मग रात्रभर फुगत ठेवलं आणि सकाळी भाजलं. निघाली ती वीट. भिंतीला लावली असती तरी चालली असती.

माझ्यापुढे बशीत तुकडा ठेवून उभे राहिले. कसा झालाय, आंबट लागतो का, मीठ बरोबर आहे का. मी म्हटलं, ठेवा, चहाबरोबर खाते. आणि पदराआड नेऊन गोठ्यात म्हशीला घातला. तिने खाल्ला. मग येऊन सांगितलं, चांगला झालाय.

मी ब्रेड खात नाही. हे पिऊन यायचे त्या दिवशी स्टँडवरच्या बेकरीतून रेश्मासाठी ब्रेड आणायचे. पोरगी लहान होती, तिला आनंद व्हायचा. मला लांबूनच ब्रेडचा कागद दिसला की कळायचं, आज पिऊन आलेत. मला ब्रेडचा वास दारूचाच येतो, त्याला मी काय करू?

१२ फेब्रुवारी, बुधवार

आता एक दिवसाआड ब्रेड होतो. विटेचा आता बऱ्यापैकी पाव झालाय. शेजारच्या बनुबाई आत्यांना, म्हणजे ह्यांच्या सख्ख्या आत्यांना, रोज पाठवतात. त्यांच्या तोंडात एकही दात नाही. चहात बुडवून खातात आणि नाव काढतात. चहात बुडवल्यावर पुठ्ठासुद्धा गोड लागतो.

आज एक गोष्ट ध्यानात आली आणि ती लिहून ठेवते. हे स्वतः ब्रेड खात नाहीत. एक घासही नाही. आत्यांना देतात, मला देतात, आपण बाजरीची भाकरी खातात. आपण केलेलं आपण का खात नाही? त्यात काय आहे, हे ठाऊक असलेलाच माणूस असं वागतो.

आणि एक. रोज संध्याकाळी बरोबर सातला कानिफनाथचा फोन येतो. हे फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून मळत राहतात. फोनवर काय बोलतात? "हां. झाला आजचा. तुझा?" एवढंच. काय झाला आजचा? कोटा?

पूर्वी हे बरोबर सातलाच घरातून निघायचे. घड्याळ लावून घ्यावं असे. आता सात वाजता स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत जातात. जागा बदलली, वेळ तीच. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच.

१६ फेब्रुवारी, रविवार

राहुरीला आप्पासाहेब मामांच्या नातीच्या लग्नाला गेलो. पंगतीत जिलेबी होती. जिलेबी म्हणजे ह्यांचा जीव की प्राण, पूर्वी एका बैठकीत पंधरा खायचे. आज वाढप्याला हात आडवा केला. सकाळी नाश्त्याला इडली होती तीही नको म्हणाले, नुसते पोहे खाल्ले. मामी म्हणाल्या, जावई बुवांची तब्येत बरी नाही का?

पिणं वाढलं तेव्हा गोड जाईना झालं होतं. आता पुन्हा गोड जाईना झालंय. नोंद केली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रेश्माचा पुण्याहून फोन आला. सहावा महिना सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, जावई हर्षलच्या घरच्यांचीही ना नाही. पण रेश्माची आहे. ती दोन वर्षं बापाशी बोललेली नाही. तिच्या साखरपुड्यात हे हर्षलच्या वडिलांच्या अंगावर पडले होते, ते ती विसरलेली नाही. विसरावं तरी कसं?

म्हणाली, "आई, मी त्यांना नाही विचारणार, तुला विचारतेय. घरात बाळ ठेवता येईल का? तू ये म्हणालीस तर येते. होळीच्या आत सांग, इथल्या डॉक्टरांना कळवायचंय."

मी म्हटलं, बघते. तिचं बाळ या घरात येणार की नाही, ते माझ्या एका शब्दावर. मला रात्रीचं जेवण गेलं नाही. पोरगी यावी म्हणून माझा जीव तुटतोय. पण ती आली आणि हे झिंगत दारात उभे राहिले, तर ती पुन्हा मलासुद्धा तोंड दाखवायची नाही.

ह्यांना फोनचं सांगितलं. गूळ चिरत बसले होते ते चिरतच राहिले. अर्धी ढेप चिरली, लागत होता मूठभर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं एक.

आठ दिवस ह्यांना खोकला आहे. परवा डॉक्टरांकडून औषधाची बाटली आणली. आज बघते तर बाटली रिकामी! अख्खी बाटली दोन दिवसांत. खोकल्याच्या औषधात काय असतं ते मला माहीत आहे, दारू मिळाली नाही की माणसं तेच पितात, मॅडमनीच सांगितलं होतं. विचारलं तर म्हणाले, संपलं. खोकला मात्र आहे तसाच आहे, आलं-मध चाटतायत.

लाल औषध, साखरेच्या पाकासारखं. त्यात आज मोरीत मुंग्यांनी उच्छाद मांडलाय, सकाळपासून तीन वेळा गरम पाणी ओतलं. एकीकडे मुंग्या आणि एकीकडे हे. कुणाकुणाकडे बघू?

१ मार्च, शनिवार

आज दाराच्या फटीतून पाहिलं. असं करायला मला लाज वाटत नाही, सत्तावीस वर्षं मला कुणी लाज ठेवू दिलेली नाही.

बरणी उघडायच्या आधी ह्यांनी नाका-तोंडाला उपरणं बांधलं. मग गोळा काढला, त्यातला अर्धा मैद्यात घेतला, अर्ध्याला गूळ-मैदा घालून परत ठेवला. मळून झाल्यावर साबणाने हात धुतले. पुसले. वास घेतला. पुन्हा धुतले. तीनदा. ज्या हाताला दारूचा वास नाही तो हात माणूस तीनदा धुतो का? आणि उपरणं कशाला? आपणच आंबवलेल्याचा वास आपल्यालाच नको?

माझं डोकं चालेना. पण ह्यात काही तरी आहे, एवढं नक्की. चोराच्या मनात चांदणं.

ब्रेड आता दिसायला बाजारच्यासारखा झालाय, खरं लिहायचं तर त्याहून बरा. वरून तांबूस, कापला की पांढरा, मऊ, चौकोनी. हे रोज विचारतात, कसा लागतो, गोडी जास्त होते का, मीठ? मी रोज म्हणते, चांगला. म्हशीचं दूध मात्र वाढलंय.

९ मार्च, रविवार

आठवडाभर लिहिलं नाही. आज लिहायलाच हवं.

शुक्रवारी हे केंद्रात तपासणीला गेले, दोन दिवसांसाठी. जाताना तीनदा बजावलं, रोज सातला खमिराला मूठभर मैदा आणि गूळ घाल, उन्हाळा लागलाय, उपाशी राहिलं तर बिघडेल. मी हो म्हटलं आणि घातलं नाही. म्हटलं बघू तरी, उपाशी ठेवल्यावर काय बोलतं ते.

आज सकाळी झाकण काढलं. गोळा बसला होता, कडेने पाणी सुटलं होतं, आणि वास आला. तोच. आंबवणाचा नाही, ब्रेडचा नाही, तोच. सत्तावीस वर्षं दारात उभा राहून माझ्या तोंडावर यायचा तो वास. म्हणजे इतके दिवस माझ्याच घरात, माझंच रबर लावून, दारू होत होती.

दुपारी एसटीने हे आले. मी ताटात बरणी ठेवली, शेजारी परवाच्या ब्रेडचा तुकडा ठेवला.

"हा माझ्यासमोर खा."

ह्यांनी ताटाकडे बघितलं, मग बरणीकडे. म्हणाले, "दोन दिस घातलं न्हाई व्हय त्याला?"

बघा. बायको समोर पेटलेली आणि ह्यांना काळजी बरणीची.

"खा म्हणते ना."

"न्हाई खानार."

मी का म्हणून विचारलं नाही. चोराला, बाबा चोरी का केलीस, असं विचारत कुणी बसतं का? गोठ्यात गेले आणि रेश्माला फोन लावला. म्हटलं, येऊ नकोस. ती म्हणाली, "बरं आई. मला वाटलंच होतं." आणि फोन ठेवला.

तिचं ते 'वाटलंच होतं' अजून कानात आहे.

११ मार्च, मंगळवार

ह्यांना सांगितलं, रेश्मा येणार नाही, मीच नको म्हटलं. वाटलं ताट भिरकावतील. पूर्वी भिरकावायचे, तेव्हा कळायचं तरी. आता काहीच नाही. रेश्माच्या वेळचा पाळणा माळ्यावरून काढून ह्यांनी तेलपाणी करून ठेवला होता, तो शिडी लावून परत वर ठेवला. बाळंतिणीसाठी म्हणून एका खोलीला चुना दिला होता, तिचं दार ओढून घेतलं.

आणि सात वाजता मागच्या खोलीत. ते बिघडलेलं खमीर धुऊन, त्यातला सुपारीएवढा तुकडा घेऊन पुन्हा गूळ-मैदा घालत बसले. कुणासाठी आता? कानिफनाथचा फोन आला. आज जरा जास्त बोलले. "आजचा दिस लई जड गेला," म्हणाले. मी दाराआड उभी होते.

गप्प माणसाची मला जास्त भीती वाटते.

१३ मार्च, गुरुवार, होळी

पोळ्यांचा घाट घातला होता. बनुबाई आत्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या. त्यांना पोळी नको, ब्रेडच हवा. ह्यांनी कापून दिला. आत्यांनी चहात बुडवला, चोखला आणि सरळ विचारलं.

"गहिन्या, समद्यांना घालतो, तू का रं तोंडात घेत न्हाईस? विख कालवतो का काय?"

मी आत पुरण वाटत होते. वरवंटा थांबवला.

हे हसले. म्हणाले, "आत्या, खमीर गूळ खातं आन् दारू सोडतं. टाकीत त्येच बघितलं की मी जलमभर. ओव्हनमधी उडून जाती ती, ठाव हाय मला. पन समदी उडती का थेंबभर ऱ्हाती, ते मला कुठं दिसतंय? मी शनीम्होरं थेंब म्हनलोय."

"मंग करतो कशाला बाबा येवढं?"

"रेश्माला सकाळी ब्रेड लागतो. पुन्यात सवय लागलीय तिला. आन् मला दुसरं काय येतं? आंबवायचं तेवढं येतं. त्यातनं येकदा तरी लेकीला खाता यील असं काई निघू दे."

आत्या म्हणाल्या, लई ग्वाड झालाय, आणि दुसरा तुकडा मागितला.

पुरण तसंच टाकून मी ही डायरी काढली आणि पहिल्या पानापासून वाचली. जिलेबी आंबवलेली असते. इडली आंबवलेली असते. हे मी स्वतःच्या हाताने लिहिलंय आणि मला दिसलं नाही. उपरणं नाकाला, हात तीनदा. मोरीतल्या मुंग्या! मी बाहेर जाऊन विचारलं, खोकल्याचं औषध मोरीत ओतलं होतं का? म्हणाले, लेबल वाचलं, त्यात असते, मग ओतलं. मला सांगायचं नाही का? म्हणाले, "तू इचारलं, संपलं का. संपलं हुतं."

दीड महिना मी नोंदी ठेवल्या, आणि 'का' म्हणून विचारलं एकदाही नाही. दात नसलेल्या म्हातारीने एका वाक्यात विचारलं.

मला लाज वाटली. खूप वाटली. चुलीपुढे बसून रडले, तव्यावरची पोळी करपली. तरी खोड बघा माझी, पोळी वाढताना वाकून ह्यांच्या तोंडाचा वास घेतला. जायफळाचा आला.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

सकाळी ह्यांनी नेहमीसारखा बशीत तुकडा ठेवला. कसा झालाय, विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वळले. माझं उत्तर त्यांना पाठ झालेलं असणार.

मी तिथेच उभी राहून खाल्ला. पहिला घास तोंडातच घोळवत राहिले. मग गेला. मऊ होता. गुळाची गोडी मागून येत होती, आंबटपणा अजिबात नाही, कड जराशी कुरकुरीत. पण काही तरी उणं होतं. सगळा खाऊन झाल्यावर कळलं.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

हे थांबले. "किती?"

"बरंच. चिमूटभर नाही, चमचाभर घाला."

"आठरा ब्रेड झाले," हे म्हणाले. "आज सांगतीस व्हय?"

मी खाली बघून सांगून टाकलं की आधीचे सतरा मी खाल्लेच नाहीत, म्हशीला घातले.

"ठाव हाय की," हे म्हणाले. "गव्हाणीत चुरा दिसायचा. म्हटलं, म्हशीला तरी गोड लागतंय न्हवं."

या माणसाने अठरा ब्रेड चव न घेता केले. चव सांगायला घरात मी एकटी, आणि मी रोज खोटं बोलत होते. नोंदी मी ह्यांच्या ठेवत होते, आणि खोटं माझं चाललं होतं.

रेश्माला फोन लावला. तिला वाटलं काही वाईट झालं. म्हटलं, ये. ती म्हणाली, "परवा नको म्हणालीस, आज ये म्हणतेस. आई, खरं काय ते सांग." मी म्हटलं, उद्याचं मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. पण आजपर्यंतचे एकशे चार दिवस माझ्याकडे आहेत, त्यातले दीड महिन्याचे लिहून ठेवलेत, एकूण एक लक्षण, तुला वाचून दाखवते. आणि वाचलं. रबर, जिलेबी, मुंग्या, उपरणं, म्हैस, सगळं. मध्येच ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही.

शेवटी म्हणाली, "त्यांना फोन दे."

दोन वर्षांनी. ह्यांनी आधी हात धुतले, मग फोन घेतला. तिकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. हे एवढंच बोलले, "मीठ कमी हुतं म्हनती तुजी आई. तू येस्तवर करतो बराबर."

फोन परत देताना हात थरथरत होता. मी बघितलं, पण हे लक्षण म्हणून लिहीत नाही.

संध्याकाळी पाळणा पुन्हा खाली काढला. सातला कानिफनाथचा फोन आला तेव्हा मी मागच्या खोलीत पाटावर बसून गूळ चिरत होते. गहिनीनाथ मळत होते. मिठाचा डबा मी माझ्याजवळच ठेवला होता.